वहिनी अमेरिकेतून जांभळ्या टोमॅटोच्या दहा बिया आणतेय. लावू का?

सदाफुली | १३ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवसांनी धागा काढतेय. सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर गच्ची, बावीस कुंड्या, चार ग्रो बॅगा आणि कबुतरं असा माझा संसार इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहेच.

माझी वहिनी नॉर्थ कॅरोलिनात असते. डिसेंबरात येतेय. परवा तिने व्हॉट्सॅपवर फोटो टाकला. चेरी टोमॅटो, मधोमध कापलेला, आणि आत पार जांभळाच्या रसात बुडवून काढल्यासारखा. सालच नाही, गर, रस, बियांभोवतीचा बुळबुळीत भाग, सगळंच जांभळं. म्हणाली, वीस डॉलरला दहा बिया मिळतात, तुला एक पाकीट आणते. म्हणजे एका बीला एकशेसाठ-सत्तर रुपये! आमच्या मंडईत तेवढ्यात टोमॅटोची पिशवी भरते, निदान भाव जागेवर असला तर.

मी हरखून गेले. पण आमचे हे म्हणाले, "ते जीएम, म्हणजे जनुक बदललेलं आहे. घरात नको." आता ह्यांना कढीपत्ता आणि कडुनिंब यातला फरक कळत नाही, तेव्हा मी इथे विचारतेय. खाल्लं तर काही होईल का? माझ्या शेजारच्या कुंडीत सासूबाईंच्या माहेरचं, कृष्णाकाठचं काटेरी वांगं आहे, पंधरा वर्षं बी धरतेय. त्यात हे मिसळणार नाही ना? आणि बिया बॅगेतून आणलेल्या चालतात का?

---

बंड्या_कुंडीवाला | १३ ऑक्टोबर, रात्री १०:०४

चौथा मुद्दा राहिला ताई. जांभळ्या टोमॅटोचं सार जांभळं होणार. पाहुण्यांना वाढताना काय सांगाल? (हलके घ्या.)

---

रानमेवा | १३ ऑक्टोबर, रात्री १०:३१

सदाफुलीताई, स्पष्ट सांगते, नको. पंधरा वर्षं देशी बी राखणाऱ्या बाईने वीस डॉलर देऊन कंपनीचं बी लावायचं, याहून मोठी शोकांतिका कुठली? निसर्गाने टोमॅटो लाल केलाय, लालच राहू द्या. मी गेली नऊ वर्षं गच्चीवर एकही रसायन आणलेलं नाही. दशपर्णी, निंबोळी, आंबट ताक आणि फार झालं तर अळ्यांसाठी बीटी पावडर. बास.

---

बीजगणित | १३ ऑक्टोबर, रात्री ११:१७

निवृत्त माणूस आहे, झोप येत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आयुष्य पीक-पैदाशीत गेलं. जीएमवाल्यांचा पगार कधी घेतला नाही, हे आधीच सांगतो, कारण तिसऱ्या प्रतिसादात कोणीतरी विचारणारच.

हा टोमॅटो इंग्लंडात नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये कॅथी मार्टिन यांच्या गटाने केला. स्नॅपड्रॅगन, म्हणजे आपले नर्सरीवाले ज्याला डॉग फ्लॉवर म्हणतात, त्याची दोन जनुकं यात घातली आहेत. ही जनुकं नुसती बटणं आहेत. अँथोसायनिन हे जांभळं रंगद्रव्य करायची यंत्रणा टोमॅटोत मुळातच असते, पण फळात ती बंद असते. फळ पिकायला लागलं की ही बटणं ती सुरू करतात. म्हणून कच्चं फळ हिरवंच असतं, पानंही नेहमीसारखीच, आणि पिकताना आतून-बाहेरून रंग चढतो. आपण हे रंगद्रव्य रोज खातो: जांभूळ, काळं गाजर, आणि वांग्याची साल! आमच्याकडे भरताची साल सोलून टाकतात तेव्हा मला हळहळ वाटते ती यासाठी.

शोधनिबंध २००८ चा. त्यात कॅन्सर लवकर होणाऱ्या खास जातीच्या उंदरांना हा टोमॅटो घालून पाहिला, ते सुमारे ३० टक्के जास्त जगले. यावरून लगेच 'कॅन्सरवर टोमॅटो' असे फॉरवर्ड फिरले. उंदीर आणि आपण यात अंतर आहे. तो टोमॅटो आहे, औषध नाही. पण विष म्हणावं असंही त्यात काही दिसत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने सप्टेंबर २०२२ मध्ये हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी २०२४ पासून घरगुती बागवानांना बी विकायला सुरुवात झाली. यात नवल एवढंच की आजवर जीएम बी म्हणजे एकरांवर पेरणाऱ्यांचं काम होतं. मका, सोयाबीन, कापूस. कुंडीवाल्या माणसाला समोर ठेवून विकलेली ही तिथली पहिली जीएम भाजी म्हणायला हरकत नाही.

ताईंचा दुसरा प्रश्न. टोमॅटो आणि वांगं एकाच घराण्यातले, पण निरनिराळ्या जातींचे. कुंड्या खेटून ठेवल्या तरी त्यांचा संकर होत नाही. तुमच्या सासूबाईंचं वांगं टोमॅटोपासून सुरक्षित आहे. दुसऱ्या वांग्यापासून मात्र नाही, त्यावर नंतर लिहितो.

ता. क. रानमेवाताई, आपण खातो तो टोमॅटो निसर्गाने तसा केलेला नाही. रानातला टोमॅटो करवंदाएवढा. दक्षिण अमेरिकेतल्या आणि मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्या निवडून तो वाढवला.

---

वाचनमात्र | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी कृषी सेवा केंद्रातून भेंडी आणि काकडीचं बी आणलं. बियांना भडक गुलाबी पावडर लावलेली आहे आणि पाकिटावर एफ-वन लिहिलंय. हे जीएमच का? आईने हात लावू दिला नाही.

---

बीजगणित | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:२२

हात लावू दिला नाही हे बरंच केलं, कारण वेगळं आहे. ती गुलाबी पूड बहुधा थायरमसारखं बुरशीनाशक असते, बी कुजू नये म्हणून चोळलेलं. रंग मुद्दाम घालतात, कोणी चुकून ते बी खाऊ नये म्हणून. पेरताना हातमोजे घाला किंवा नंतर साबणाने हात धुवा, संपलं.

एफ-वन म्हणजे संकरित. दोन निवडक वाणांचं पहिल्या पिढीचं लेकरू. परागकण ब्रशने नाहीतर चिमट्याने लावलेले असतात, प्रयोगशाळेत जनुक घातलेलं नसतं. त्याचं बी धरून लावलंत तर पुढच्या पिढीत कोणी आजोबांवर, कोणी मामावर जातं, एकसारखं येत नाही. म्हणून दरवर्षी विकत घ्यावं लागतं. लोकांची खरी तक्रार ही आहे, आणि ती ते जीएमच्या नावावर खपवतात.

भारतात आजमितीला शेतात लावायची परवानगी असलेलं आणि प्रत्यक्ष लावलं जाणारं जीएम पीक एकच, कापूस. मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, पण यंदा जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं त्यावर एकमत झालं नाही, ती तिथेच अडकली. भाजी एकही नाही. तेव्हा टोमॅटो चकचकीत दिसला, फ्रीजमध्ये पंधरा दिवस टिकला, कलिंगडात बिया नसल्या की 'जीएम असणार' म्हणणं सोडा. तो संकरित असतो, जाड सालीचा असतो आणि बेचव असतो, एवढंच.

---

कलमबहाद्दर | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

कलमं बांधणं हा छंद आणि कलमं लावणं हा पोटापाण्याचा धंदा, म्हणून हे नाव. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

बिया बॅगेतून आणायच्या नाहीत. कुठल्याच. परदेशातून बी आणायला २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरखाली आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. दहा बिया असल्या तरी. हे झालं साध्या बियांचं. जीएम असेल तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात, आणि दिल्लीतल्या जीईएसी या समितीच्या मंजुरीशिवाय आणणं, साठवणं, लावणं सगळंच बेकायदा. 'घरच्यापुरतं' अशी सवलत नियमात नाही. खायच्या मालाचंही तसंच: मार्च २०२१ पासून टोमॅटो, वांग्यासकट २४ पिकांच्या आयातीला जीएम-मुक्त असल्याचा दाखला लागतो.

विमानतळावर कोणी बघत नाही, हे मलाही माहीत आहे. तुम्ही कायदा विचारलात, मी कायदा सांगितला.

---

परदेशी_पारिजात | १४ ऑक्टोबर, रात्री ८:१५

मी इथे न्यू जर्सीत हा टोमॅटो यंदा लावला होता! दहातल्या आठ बिया उगवल्या, दोन रोपं शेजारच्या गुजराती काकूंना दिली. झाड उंच जातं, टेकू भक्कम लागतो. जुलैच्या शेवटी फळं धरली. चव? खरं सांगू? बरी. चेरी टोमॅटोसारखी चेरी टोमॅटो. डोळे मिटून खाल्लं तर ओळखू येणार नाही. कोशिंबीर मात्र भलतीच दिसते, दही फिकट जांभळं होतं आणि मुलं 'ग्रेप योगर्ट' म्हणून वाटी चाटूनपुसून साफ करतात. माझा निम्मा पैसा तिथेच वसूल.

पण इथल्या गार्डन क्लबात केवढी भांडणं झाली! आमच्या सामुदायिक बागेत प्रत्येकाला दहा बाय वीस फुटांचा वाफा असतो. एक आजोबा तीस वर्षांपासून जुने वाण राखतात. ते म्हणाले, तुझ्या वाफ्यातला भुंगा माझ्या वाफ्यात येतो, मी बी वाटतो तेव्हा लोकांना काय सांगू? मी चिडले. घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, आजोबांचं चुकलं कुठे? मी शेवटी रोपं घरच्या डेकवर हलवली.

त्यांच्या भीतीला कारणही होतं. इथल्या जुन्या वाणांच्या एका नामांकित बियाणे कंपनीने २०२४ च्या कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर आतून जांभळा टोमॅटो छापला, 'जीएम नाही' म्हणून. मग तो या जीएम टोमॅटोचाच वंशज असल्याचा संशय आला आणि त्यांनी तो विक्रीतून काढून घेतला. ज्यांचा सगळा धंदाच 'आमच्याकडे जीएम नाही' यावर चालतो त्यांच्या मुखपृष्ठावर हे!

---

बंड्या_कुंडीवाला | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४४

म्हणजे सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात कांदा सापडला.

---

बीजगणित | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

बंड्या, यावरून आणखी एक. युरोपात बागवानांनी कित्येक वर्षं जीएम फूल लावलं आणि कोणालाच पत्ता नव्हता. नारिंगी पिटुनिया. पिटुनियात नारिंगी रंग मुळात नसतो. जर्मनीत १९८७ मध्ये मक्याचं जनुक घालून तो आणला होता, प्रयोग म्हणून. पुढे ते रोप बाजारात कसं शिरलं हे कोणाला नीट सांगता येत नाही. हेलसिंकीत एका वनस्पतिशास्त्रज्ञाला स्टेशनाजवळच्या कुंड्यांत नारिंगी पिटुनिया दिसला, त्याच्या मनात पाल चुकचुकली, घरी नेऊन तपासला तर जीएम. २०१७ मध्ये दुकानांतून रोपं काढून नष्ट करायची वेळ आली. कोणाला इजा झाली नाही, पण फूल असो की भाजी, बी आणि रोपं हातोहात कशी जातात ते यातून कळतं.

आता वांग्याचं. वांग्याचं फूल बघा, परागकोशाच्या टोकाला बारीक भोकं असतात. पराग आपोआप सांडत नाही. भुंगा फुलाला लटकतो आणि पंख न हलवता अंगातून 'घूंऽऽ' असा आवाज काढतो, त्या थरथरीने पराग मिठासारखा झडतो. गच्चीत भुंगे नसले तर इलेक्ट्रिक टूथब्रश फुलाच्या देठाला टेकवा, तेच होतं. टोमॅटोचंही असंच, पण त्याच्या बहुतेक वाणांत स्त्रीकेसर आत दडलेला असतो, त्यामुळे तो बहुतांशी स्वतःतच फळतो. वांग्याचा केसर पुष्कळदा बाहेर डोकावतो, मग भुंगा जे घेऊन येईल ते. म्हणून वांग्याचं बी धरताना दोन वाण जवळ नकोत, किंवा कळी उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधा.

---

आगशीकार | १५ ऑक्टोबर, दुपारी १:१०

गोंयचो हांव, मराठी सांभाळून घ्या. आमच्या आगशीचं वांगं मोठं, पातळ सालीचं, मऊ गराचं. रवा लावून काप केले की बाकी मासे नसले तरी चालतं. (हे आमच्या घरी मोठ्याने बोलत नाही.)

बी धरायची पद्धत माझ्या आईची. झाडावरचं चांगलं फळ हेरून त्याला चिंधी बांधायची, म्हणजे कोणी तोडत नाही. ते पिवळं-तपकिरी होऊन सुरकुतेपर्यंत ठेवायचं. मग चिरून पाण्यात चोळायचं, तरंगतं ते फेकायचं, बुडतं ते सावलीत सुकवून राखेत कालवून बाटलीत. बाजारच्या रोपवाटिकेतलं जांभळं संकरित वांगं शेजाऱ्याने लावलं, त्या वर्षापासून आमच्या बियांत दर दहाला एक-दोन झाडं भलतीच निघतात. तिथे जीएम कुठे आलं? पण वाण गेलाच ना. मला विचाराल तर भीती 'जीएम'ची कमी आणि 'कोणाचंही कुठूनही' याची जास्त.

---

कापूसकोंड्या | १५ ऑक्टोबर, रात्री १०:४८

जिल्हा यवतमाळ. अकरा एकर कापूस-तूर, घरामागे परसबाग. शहरातली मंडळी जीएमवर बोलतात तेव्हा मी गंमत बघत बसतो, पण आज लिहितो.

बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारा जीएम कापूस, २००२ मध्ये आला. पहिली काही वर्षं अमेरिकन बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, हे जो नाकारतो त्याने कापूस पेरलेला नाही. पाकिटासोबत एक छोटं पाकीट यायचं, १२० ग्रॅमचं, बिगर-बीटी. त्याला आम्ही रेफ्युजी म्हणतो. ते कडेने लावायचं, म्हणजे अळीची साधी प्रजा जिवंत राहते आणि विष पचवणारी प्रजा लवकर तयार होत नाही. लावलं किती जणांनी? मी दोन वर्षं लावलं, मग बांधावर फेकलं. सगळ्यांनीच फेकलं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीला जुमानलंच नाही. बोंड बाहेरून गोमटं, फोडलं की आत काळं आणि अळी. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली. कोणत्या घरची गेली ते मला नावानिशी माहीत आहे, इथे लिहीत नाही.

पुढे अकोल्याकडे अकोली जहागीरला जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेनं मंजुरी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशकही सोसणारं बीटी कापसाचं बी, उघड्यावर पेरून सत्याग्रह केला. मंजुरी नाही, पण 'चोर बीटी' आजही गावागावांत मिळतं, बिलाशिवाय. बोगस निघालं तर तक्रार कुठे करणार? बंदी घातली की वस्तू जात नाही, पावती जाते.

वांग्याचं म्हणाल तर जानेवारी २०१० मध्ये नागपूरला बीटी वांग्याची जनसुनावणी झाली, मी गेलो होतो. सात शहरांत त्या झाल्या. गळ्यात वांग्याच्या माळा घालून आलेले लोक, बीटी पाहिजे म्हणणारे शेतकरी, नको म्हणणारे शेतकरी, सगळे एकदम बोलत होते. ९ फेब्रुवारीला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. बी आपल्याच जालन्याच्या कंपनीचं होतं, समितीची मंजुरी ऑक्टोबर २००९ ला मिळालेली. चौदा वर्षं झाली, स्थगिती तशीच.

---

रानमेवा | १५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

स्थगिती योग्यच होती. वांग्याचं मूळ घर आपल्याकडचं. इतके वाण, रानवांगी, काटेरिंगणी, सगळं इथे. एकदा जनुक पसरलं की परत बोलावता येतं का? कोंबडी पळाली तर धरता येते, पराग नाही.

---

कापूसकोंड्या | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

ताई, तुमचा मुद्दा बिनतोड. पण माझाही ऐका. बाजारासाठी वांगं पिकवणारा माझा चुलतभाऊ आठवड्यातून दोनदा फवारतो. तोडणीच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा. स्वतःच्या घरी खायला तो माझ्या परसातली नेतो. तुम्ही 'नैसर्गिक' म्हणून मंडईतून जे आणता ते हे. बांगलादेशाने २०१३ ला चार बीटी वाण मंजूर केले, पुढच्या जानेवारीत वीस शेतकऱ्यांना रोपं दिली, २०१८ पर्यंत सत्तावीस हजारांवर शेतकरी झाले. कीटकनाशकाचा खर्च जवळपास निम्म्यावर आला असं तिथल्या पाहणीत निघालं. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ते वाण सरळ आहेत, संकरित नाहीत. सरकारी संस्थेने दिलेले. शेतकरी बी धरू शकतो.

मला बीटी वांगं द्या, मी उद्या लावतो. पण बी माझ्या घरच्या डब्यात राहिलं पाहिजे. दरवर्षी पाकीट घ्या म्हणाल तर राहू द्या.

---

बीजगणित | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

+१. फक्त एक भर. आपल्याकडेही संकरित वाण कंपनीचे आणि सरळ वाण धारवाड व कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांचे अशी विभागणी होती. स्थगितीत दोन्ही गेले, आणि चर्चा मात्र कायम कंपनीभोवतीच फिरली.

आणि रानमेवाताई, न चिडता ऐका. तुम्ही नऊ वर्षं वापरता ती बीटी पावडर आणि बीटी वांगं यांच्या पोटात साधारण एकाच कुळातलं प्रथिन आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं. तुम्ही बाहेरून शिंपडता, तिथे झाड आतून करतं. फरक आहेच, शिंपडलेलं उन्हात दोन-चार दिवसांत निकामी होतं, झाडातलं सतत असतं. पण 'विष खाणार नाही' हा मुद्दा तुमच्या तोंडी शोभत नाही.

---

रानमेवा | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:३६

चिडले. मग पावडरीचं पाकीट काढून मागचा मजकूर वाचला. तुमचं बरोबर आहे. विषाचा मुद्दा मी मागे घेते, परागाचा घेत नाही.

आणि मग मला सांगा, बीटी पावडर माझ्या वांग्यावर लागू का पडत नाही?

---

बीजगणित | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

कारण वांग्याचे शेंडे-फळं पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की काही तासांतच शेंड्यात नाहीतर फळात शिरते, पावडर बाहेर राहते. गच्चीवर उपाय सोपा आहे. रोज सकाळी चहाचा कप घेऊन फेरी मारा. एखादा शेंडा पाणी दिलेलं असूनही मान टाकून असेल तर तो चार बोटं खालून खुडा. उभा चिरून बघा, आत पांढरट-गुलाबी अळी आणि तिने केलेला बोगदा दिसेल. शेंडा कुंडीत टाकू नका, साबणाच्या पाण्यात टाका. भोक पडलेली फळंही तशीच. फुलोऱ्यात कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढून धरणारा) लावा. दहा झाडांना एवढं पुरतं.

म्हणूनच मला घरच्या बागेत बीटी वांग्याची गरजच वाटत नाही. दहा झाडांचे शेंडे खुडायला एक म्हातारा पुरतो. दोन एकरांचे खुडायला नाही पुरत. कापूसकोंड्यांची गरज आणि आपली हौस एका तागडीत घालू नका.

---

संपादक मंडळ | १६ ऑक्टोबर, दुपारी ३:००

लसीकरण, मोबाइल टॉवर आणि दूध यांवरचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया भाजीवर राहा.

---

सदाफुली | १७ ऑक्टोबर, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. वहिनीला सांगितलं, बिया आणू नकोस. ती हिरमुसली. "अगं कोण बघतंय?" म्हणाली. मी म्हटलं, कोणी बघत नाही हीच अडचण आहे. मी दरवर्षी संक्रांतीला तीसेक जणींना वाणात बियांच्या पुड्या देते. त्यात ह्या जाणारच, मी नाही म्हटलं तरी कोणीतरी टोमॅटो खाऊन बी सुकवणारच. पुढच्या वर्षी भोरला कोणाच्या परड्यात काय उगवलंय ते मला तरी कळेल का?

खायची भीती आता वाटत नाही. पारिजातकडे गेले तर कोशिंबीर खाईन, दोनदा वाढून घेईन.

पण जीव जांभळ्यात अडकलाय. ऑनलाइन 'पर्पल टोमॅटो, शंभर टक्के देशी' अशा बिया एकशेवीस रुपयांना दिसल्या, मागवल्यात. हे काय असावं?

---

बीजगणित | १७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

देशी नक्की नाही. फोटो जीएमचा उचललेला असेल. खरंच जांभळं काही निघालं तर बहुधा इंडिगो रोजच्या वळणाचं. ते अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठात रानटी टोमॅटोंशी साधा संकर करून केलंय, २०१२ मध्ये बाजारात आलं, जीएम नाही. ओळखायची खूण सांगतो. ते कच्चं असतानाच काळं-जांभळं पडतं, आणि फक्त जिथे ऊन लागतं तिथे. जीएम कच्चं हिरवं, पिकलं की जांभळं. एका फळावर काळी चिकटपट्टी लावा आणि लिहा काय झालं ते.

---

सदाफुली | २३ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६:२०

धागा वर काढतेय.

बारा बिया होत्या, पाच उगवल्या. दोन रोपं पांढऱ्या माशीने नेली, एक कबुतराने. उरलेल्या दोनांतलं एक साधं लालच निघालं. दुसऱ्याला जानेवारीत फळं धरली आणि लिंबाएवढी झाली तशी खांद्यावर शाई सांडल्यासारखी काळी पडायला लागली, कच्चीच. बीजगणितकाकांच्या सांगण्यावरून एकाला चिकटपट्टी लावली, चांगली चौकोनी. काल ते पिकलं. पट्टी काढली तर खाली लख्ख लाल चौकोन, भोवती जांभळं. देठाची पाकळी जिथे टेकली होती तिथेही तिच्या आकाराची लाल चांदणी. कापलं तर आतून आपला नेहमीचा टोमॅटो. चव आंबट, सार उत्तम झालं. लाल.

ह्यांनी चौकोनाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'आमच्या गच्चीतला जीएम' म्हणून. सकाळपासून तीन जण बघून गेले.

वांग्याला यंदा मलमलच्या पिशव्या बांधल्या होत्या, सहा फळं बियांसाठी सोडलीत. एवढं बी मला नको आहे.

---

कापूसकोंड्या | २३ फेब्रुवारी, रात्री ८:०२

मला पाठवा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. माझ्याकडचं परसातलं पांढरं वांगं तुम्हाला देतो, पण कुंड्या लांब ठेवा.

---

आगशीकार | २३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

म्हाकाय जाय. राखेत घालून पाठवा.